मोटेचा वेग, मोटरचा वेग: पाणी उपसण्याच्या इतिहासातली एक निवड



आजचा विषय ऐकून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पोहण्याच्या तलावाला दोन वेगांचा पंप घ्यावा की हवा तो वेग देणारा घ्यावा, हा प्रश्न दुकानात जाऊन विचारायचा. इतिहासाच्या व्याख्यानात त्याचं काय काम? आमचं म्हणणं असं की हा प्रश्न दिसतो तितका नवा नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या विहिरीवर तो तीन-चार पिढ्या वेगवेगळ्या रूपांत उभा आहे. फरक इतकाच, की तलावाच्या मालकाला तो विचारला जातो. शेतकऱ्याला तो कोणी विचारलाच नाही, त्याचं उत्तर दुसऱ्यांनीच देऊन ठेवलं. ते उत्तर कोणी दिलं, त्याची किंमत कोणी मोजली आणि आज सौर पंप आल्यावर काय बदललं, हे आज आपण बघू.

विहीर हाच तलाव

आधी जागा लक्षात घेऊ. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. त्याआधीचा इतिहास निजामाच्या राज्यातला. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर अशी धरणं झाली. पण कालव्याचं पाणी सगळ्या शिवारांना पोचत नाही. ज्याच्या शेताला कालवा नाही, त्याचा भरवसा विहिरीवर आणि पुढे बोअरवर.

पोहण्याचं म्हणाल तर आपल्याकडे विहीर हाच तलाव होता. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून पोरांना विहिरीत सोडायचे. त्या तलावाला गाळणयंत्र लागत नसे. मोट रोज जुनं पाणी बाहेर काढायची आणि झरे नवं पाणी आत सोडायचे. आजच्या जलतरण तलावात पंप आणि वाळूचं फिल्टर जे काम करतात, ते तिथे झरा आणि मोट मिळून करत होते. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मोटेचा हिशेब

मोट म्हणजे चामड्याची किंवा पत्र्याची मोठी पिशवी. नाडा ओढत बैल धावेवरून उतरायचे, मोट वर यायची, सोंदूर ताणला की थारोळ्यात पाणी पडायचं आणि पाटाने वाफ्याकडे जायचं. मग बैल मागे सरकत वर यायचे आणि रिकामी मोट खाली जायची. वेग कोण ठरवायचं? बैल, मोटकरी आणि विहीर, तिघं मिळून. बैल दमले की वेग कमी. पाणी खोल गेलं की खेप लांबते, म्हणजे पुन्हा वेग कमी. विहिरीत पाणी नसेल तर मोट अर्धी भरून येते आणि मोटकऱ्याला लगेच कळतं. यंत्राच्या भाषेत सांगायचं तर मोट हा हवा तो वेग घेणारा पंप होता.

विहिरीची ओळखही त्यावरून व्हायची. साताऱ्याजवळ लिंब गावी 'बारा मोटांची विहीर' प्रसिद्ध आहे. विहीर किती खोल, किती रुंद हे नंतर. तिच्यावर एका वेळी किती मोटा चालू शकतात हे आधी. उपसा आणि झरा यांचा मेळ त्या नावातच बसवलेला आहे.

मोटेचं गोडवे गाणं आमचा हेतू नाही. दिवसभर राबून एखादा लहानसा तुकडा भिजायचा, बैलांचे खांदे सोलायचे, माणूस थकायचा. मोट गेली यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. तिच्याबरोबर वेगाचा मेळही गेला, एवढंच नोंदवून पुढे जाऊ.

इंजिन आणि डिझेलचा पैसा

मोटेच्या जागी आधी तेलावरचं इंजिन आलं. महाराष्ट्रात या कामाशी किर्लोस्करांचं नाव जोडलेलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरापासून सुरू झालेला हा कारखाना १९२० च्या दशकात सेंट्रिफ्युगल पंपाकडे वळला. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत इंजिनाची फटफट गावोगावच्या शिवारात ऐकू येऊ लागली.

इंजिनाला वेग कमी-जास्त करायची सोय होती. तेल कमी सोडलं की इंजिन हळू, जास्त सोडलं की जोरात. शिवाय इंजिन आणि पंप यांच्यात पट्टा असायचा. पुली लहान-मोठी केली की पंपाचा वेग बदलायचा. आणि मुख्य म्हणजे डिझेल विकत आणावं लागायचं. दर तासाला खिशातून पैसा जातोय हे डोळ्यांसमोर असायचं, म्हणून पाणी पुरेसं झालं की इंजिन बंद. वेगाचा आणि वेळेचा हिशेब शेतकऱ्याच्या हातात होता, कारण पैशाचाही हिशेब त्याच्याच हातात होता.

वीज आली आणि वेग गोठला

१९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. १९६९ साली दिल्लीत ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं आणि कृषिपंपांच्या जोडण्यांना वेग आला. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या, बोअर वाढले. विजेची मोटर इंजिनापेक्षा स्वस्त, हलकी आणि कटकट कमी. तिने इंजिनाला मागे टाकलं यात नवल नाही.

पण या मोटरचा एक स्वभाव समजून घ्यायला हवा. निकोला टेस्लाला १८८८ साली ज्या मोटरची पेटंटं मिळाली, त्याच कुळातली ही इंडक्शन मोटर. तिचा वेग तारेतल्या विजेच्या आवर्तनांना बांधलेला असतो. आपल्या देशात वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. त्यामुळे दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला साधारण २,८८० फेरे घेते आणि चार ध्रुवांची १,४४०. मधलं काही नाही. बटण दाबलं की पूर्ण वेग, दाबलं नाही की शून्य.

यावर उपाय नव्हता असं नाही. स्वीडनच्या रॉबर्ट डालँडर या अभियंत्याने १८९७ सालीच अशी जोडणी शोधली, की एकाच मोटरच्या वेटोळ्यांची जोड बदलून ध्रुव दुप्पट करता यावेत आणि वेग निम्मा व्हावा. दोन वेगांची मोटर ती हीच. पंखे, लिफ्ट, कारखान्यातली यंत्रं इथे ती चालली. आपल्या विहिरीवर मात्र ती रुजली नाही. का रुजली नाही, यातच आजच्या विषयाचा गाभा आहे.

निम्म्या वेगाला काय होतं?

सेंट्रिफ्युगल पंपाचे तीन नियम आहेत. सोपे आहेत, घाबरू नका. वेग निम्मा केला तर पाणी निम्मं येतं. दाब, म्हणजे पंप पाणी जितकं उंच ढकलू शकतो ती उंची, पावपट होते. आणि पंपाला लागणारी शक्ती एक अष्टमांश होते.

आता जलतरण तलाव घ्या. तिथलं पाणी तलावातून निघतं, फिल्टरमधून जातं आणि त्याच तलावात परत येतं. उचलायची उंची जवळजवळ शून्य. पंपाचं सगळं काम पाइपांत आणि वाळूत होणाऱ्या घर्षणाशी लढण्याचं. समजा दीड किलोवॅटचा पंप आठ तास चालवला तर बारा युनिट जळतात. तोच निम्म्या वेगाने सोळा तास चालवला तर पाणी तेवढंच फिरतं आणि हिशेबाने तीनच युनिट लागतात. प्रत्यक्षात कमी वेगाला मोटर थोडी वाया घालवते, म्हणून बचत कागदावरच्या इतकी होत नाही. तरीही ती मोठीच असते.

म्हणून अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २००८ पासून एक अश्वशक्ती आणि त्यावरच्या तलावपंपांच्या मोटरला किमान दोन वेग असण्याची सक्ती केली. पुढे जुलै २०२१ पासून संपूर्ण अमेरिकेत नवे नियम लागू झाले, आणि मध्यम व मोठ्या आकाराच्या नव्या तलावपंपांत हवा तो वेग देणारा पंप हीच रीत झाली. दोन वेगांच्या पंपात निम्मा किंवा पूर्ण, इतकीच निवड. रोजच्या गाळणीला निम्मा वेग कधी अपुरा पडतो, कधी जास्त होतो. दुसऱ्या प्रकारात गाळणीला साठ टक्के, फिल्टर उलट धुण्यासाठी पूर्ण, रात्री चाळीस टक्के, असं बसवता येतं. दोन वेगांचा पंप स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा. दुसरा महाग आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनिक भागाला दमट हवा, उंदीर, विजेचे झटके यांचं भय. तलाव लहान, वापर ठरावीक आणि दुरुस्तीवाला लांब असेल तर दोन वेग पुरेत. तलाव मोठा, वर्षभर चालणारा आणि विजेचं बिल युनिटवर असेल तर दुसरा पंप वरचे पैसे वसूल करून देतो.

आता हाच हिशेब विहिरीवर लावून बघा. पाणी साठ फूट उचलायचं आहे. पंप पूर्ण वेगाला जास्तीत जास्त शंभर फुटांपर्यंत पाणी चढवू शकतो. वेग निम्मा केला, की ही उंची किती होईल? पावपट, म्हणजे पंचवीस फूट. मोटर फिरते आहे, वीज जळते आहे आणि पाणी पाइपात पंचवीस फुटांवर थबकलं आहे. थेंबही बाहेर येत नाही. ऐंशी टक्के वेगाला चौसष्ट फूट, म्हणजे कशीबशी धार. थोडक्यात, जिथे पाणी फिरवायचं तिथे कमी वेगाला सोनं आहे. जिथे पाणी उचलायचं तिथे कमी वेगाला एक उंबरठा आहे, आणि त्याच्या खाली सगळं फुकट. दोन वेगांची मोटर विहिरीवर आली नाही, याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण: बिल

पण हे कारण पुरेसं नाही. निम्मा वेग चालत नसला तरी नव्वद टक्के, पंच्याऐंशी टक्के चालला असता. आणि आपल्या भागात त्याला अर्थ होता. मराठवाड्याचा बराचसा भाग बेसाल्ट खडकाचा. खडकाच्या भेगांतून विहिरीत पाणी हळूहळू पाझरतं. जोरदार मोटर लावली की दोन-तीन तासांत विहीर तळाला जाते, मग झऱ्याची वाट बघत बसायचं. पाणी खोल गेलं की उचलायची उंची वाढते आणि तेवढ्याच पाण्याला जास्त वीज लागते. झऱ्याच्या चालीने सावकाश उपसलं तर पातळी वर राहते, पाइपातलं घर्षण कमी होतं, मोटर कोरडी फिरून जळत नाही. मोट न बोलता हेच करत होती.

मग हे का झालं नाही? कारण सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कृषिपंपाला मीटरऐवजी अश्वशक्तीवर बिल देण्याची पद्धत आली. मोटर पाच अश्वशक्तीची, तर बिल पाचाचं. वीज किती वापरली याचा संबंध तुटला. मीटर वाचायला माणूस पाठवण्याचा खर्च वाचला, शेतकऱ्यालाही हिशेब सोपा झाला. त्या काळी ती सोय दोघांनाही पटली. पण त्या दिवसापासून कमी वेगात, चांगल्या मोटरमध्ये, बचतीत शेतकऱ्याचा एक पैशाचा फायदा उरला नाही. उलट पाटीवर तीन अश्वशक्ती लिहिलेली आणि आत पाचाचं वायंडिंग, अशा मोटरींना गिऱ्हाईक मिळालं. यात केवळ शेतकऱ्याची लबाडी बघणं बरोबर नाही. नियमाने त्याला जो प्रश्न विचारला, त्याचं त्याने सरळ उत्तर दिलं.

तिसरं कारण तासांचं. वीज कमी पडू लागली तसं भारनियमन आलं. शेतीला थ्री फेज वीज दिवसाचे आठ-दहा तासच मिळू लागली, आणि आठवड्यातले काही दिवस ती रात्री येऊ लागली. हिंगोलीच्या हळदीचं उदाहरण घ्या. जूनला लावलेली हळद फेब्रुवारी-मार्चला निघते, म्हणजे पावसाळा संपल्यावरही महिनोन्महिने पाणी द्यावं लागतं. डिसेंबरच्या थंडीत रात्री दोन वाजता लाइट येते. सापा-किरड्याच्या भीतीत बॅटरी घेऊन दारं धरायला कोण जाणार? म्हणून मोटरला ऑटो स्टार्टर लागला. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. पण एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या, की सुरुवातीचा प्रचंड करंट डीपीवर येतो. व्होल्टेज पडतं, मोटरी तापतात, कधी डीपीच जळते. मग डीपी बदलून येईपर्यंत पीक उभं सुकतं. मोटर जळाली की तालुक्याला नेऊन वायंडिंग भरायचं, तो खर्च वेगळा. अशा परिस्थितीत जो सांगेल की बाबा, मोटर हळू चालव, त्याला शेतकरी हसेल. मिळालेल्या तासांत मिळेल तेवढं पाणी ओढून घेणं हाच शहाणपणा होता.

म्हणजे वेगाची निवड कोणी केली? बिलाच्या पद्धतीने आणि लाइटच्या वेळापत्रकाने. विहिरीच्या मालकाच्या नावावर ती मांडली गेली, एवढंच.

न मागता आलेला बदलता वेग

तिकडे तंत्र बदलत होतं. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीने १९६८ साली मोटरचा वेग बदलणारं यंत्र मोठ्या संख्येने बनवायला घेतलं. विजेची आवर्तनंच कमी-जास्त करायची, म्हणजे मोटर त्यामागे धावेल, अशी ती कल्पना. १९८० च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये मद्रास आयआयटीत शिकलेले बी. जयंत बालिगा यांनी आयजीबीटी नावाचा अर्धवाहक घटक विकसित केला आणि अशी यंत्रं लहान व स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली. तलावाचा पंप, कारखान्याचा पंखा, इन्व्हर्टर एसी, सगळ्यांत हेच कुळ.

आणि ते आपल्या शेतात आलं ते सौर पंपाच्या पोटातून. २०१९ साली केंद्राची पीएम-कुसुम योजना आली, २०२४ साली राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के वाटा भरून तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. सौर पॅनेलची वीज सकाळी थोडी, दुपारी भरपूर, संध्याकाळी पुन्हा थोडी. म्हणून पंपाचा कंट्रोलर ऊन बघून मोटरचा वेग सतत बदलत राहतो. शेतकऱ्याने मागणी केली नव्हती, पण मोट आणि इंजिन गेल्यानंतर बदलत्या वेगाचा उपसा पुन्हा त्याच्या विहिरीवर आला.

आता ते पंचवीस फुटांचं गणित आठवा. सकाळी आठला पंप फिरताना दिसतो पण पाणी येत नाही. तक्रार होते की पंप खराब आहे. बरेचदा पंप खराब नसतो. मघाचाच साठ फुटांचा आणि शंभर फुटांच्या पंपाचा दाखला घेतला, तर आवर्तनं साधारण एकोणचाळीसच्या पुढे गेल्याशिवाय पाणी तोंडाशी येणार नाही. म्हणून अर्ज भरताना अश्वशक्तीइतकंच उंचीकडे लक्ष द्यायला हवं. पावसाळ्यात भरलेल्या विहिरीची उंची लिहिली आणि एप्रिलमध्ये पाणी वीस फूट खाली गेलं, की मोठा पंपही दुपारचे दोन-तीन तासच पाणी देईल. ठिबक असेल तर त्याचा दाबही त्या उंचीत मिळवायचा. ठिबकचं वाळूचं फिल्टर जलतरण तलावाच्या फिल्टरचंच भावंड आहे. त्याला उलटं धुवायला जोर लागतो, ते काम भर दुपारी ऊन असतानाच करावं.

एक अडचण मात्र राहते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्याने पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर केली. सौर पंपाचं ऊनही फुकट. शेतकऱ्याच्या कर्जाचा आणि रात्रीच्या जागरणाचा भार यामुळे हलका होतो, ते नाकारायचं कारण नाही. पण डिझेलचा पैसा खिशातून जाताना जो हात आपोआप आखडायचा, तो आता आखडणार नाही. अश्वशक्तीच्या बिलाने जे केलं तेच फुकट ऊन करू शकतं. खडक तोच आहे, भेगा त्याच आहेत.

तलावाच्या मालकाला पंप निवडताना बिल दिसतं, म्हणून तो वेगाचा विचार करतो. विहिरीच्या मालकाला बिल दिसणार नसेल, तर त्याला दुसरं काहीतरी दिसायला हवं, आणि ते दिसण्यासारखं आहे. विहिरीच्या कठड्यापासून पाण्यापर्यंत किती हात, हे रोज सकाळी मोजून भिंतीवर लिहिता येतं. कंट्रोलरवर आवर्तनं दिसतात. दुपारी तीनला विहीर तळाला जात असेल तर उपसा झऱ्यापेक्षा जास्त आहे, मग मोठा पंप मागण्यात हशील नाही. विहीर भरून राहत असेल तर आणखी वाफे भिजवायला वाव आहे. लिंबच्या विहिरीवर किती मोटा चालतात हे ज्यांनी ठरवलं, त्यांनीही मोजलं होतं ते हेच. तेव्हा पाणी कुठे फिरवायचं आहे आणि कुठे उचलायचं आहे, आणि झरा किती देतो, ही दोन उत्तरं आधी मिळवा. कोणता पंप घ्यायचा ते त्यानंतर दुकानदारालाही सांगता येईल.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. इथे थांबतो.